डावीकडचा एक, उजवीकडचे दोन

बोरी अरबजवळच्या एका शेतात, कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसले होते, तेव्हा माझ्या लॅपटॉपचे उजवीकडचे दोन्ही यूएसबी पोर्ट बंद पडले. एका पोर्टला छोटा सूक्ष्मदर्शक लावला होता. पडद्यावर बोंडातली अळी वळवळत होती, ती एकदम थिजली. अळी मेली असं वाटून मी बोंडात डोकावले, तर ती आत खुशाल फिरत होती. गेलं होतं ते पडद्यावरचं चित्र.

कपाशीची ती वाईट वर्षं. बोंडं बाहेरून हिरवीगार, टपोरी दिसायची आणि आतून गुलाबी बोंडअळीनं खाल्लेली निघायची. मी तेव्हा एका संस्थेसाठी किडींच्या सर्वेक्षणाचं काम करत होते. दर आठवड्याला ठरलेल्या शेतांत जायचं, वीस झाडांची बोंडं तोडायची, फोडून पाहायची, नोंद करायची. सूक्ष्मदर्शक संस्थेचा होता. अंगठ्याएवढी नळी, मागे वायर, पुढे भिंग आणि बारीक दिवा. लॅपटॉपला जोडला की तिळाएवढी अळी पडद्यावर हातभर लांब दिसायची.

सोमवारी केळापूरजवळच्या एका गावात शेतकऱ्यांची बैठक होती आणि तिथे हीच अळी मला जिवंत दाखवायची होती. फोटो लोकांनी पुष्कळ पाहिले होते. "हे तं तुमच्या पुस्तकातलं हाय मॅडम," असं म्हणून ते पाठ फिरवायचे. त्यांच्या शेतातलं बोंड त्यांच्यासमोर फोडून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं.

शेतातच लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. माउस लावून पाहिला, पेनड्राइव्ह लावून पाहिला. उजवीकडे काहीच चालेना. डावीकडच्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह पूर्ण शिरतच नव्हता. शुक्रवारी यवतमाळला बसस्थानकामागच्या दुकानात गेले. दुकानदारानं लॅपटॉप उलटासुलटा केला, तिन्ही पोर्टमध्ये आपला पेनड्राइव्ह घालून पाहिला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला मॅडम. तिन्ही एकदम गेले म्हंजे मदरबोर्डच. नागपूरले पाठवा लागते. आठ-दहा दिवस धरा."

आठ-दहा दिवस माझ्याकडे नव्हते. लॅपटॉप पिशवीत घालून मी घरी आले.

घरी आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस-पस्तीस वर्षं खांबावर चढले, खड्ड्यांतल्या केबली जोडल्या, पावसात बंद पडलेले फोन सुरू केले. निवृत्त झाले तोवर घरोघरचे फोन निघून गेले होते आणि गावाबाहेरच्या खांबांवर तारही उरली नव्हती. तेव्हापासून ते ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. पेपर दोनदा वाचायचे. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. माझ्या कामाबद्दल त्यांनी तोवर कधी काही विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी ओसरीवरच लॅपटॉप उघडून बसले होते. इंटरनेटवर सापडले ते सगळे उपाय एकामागून एक करत होते आणि चिडत होते. बाबांनी पेपर खाली केला.

"काय झालं वं?"

"पोर्ट गेले बाबा. मदरबोर्ड गेला म्हणतात."

"पोर्ट म्हंजे हे भोकं?"

"हो."

"किती हायेत?"

"तीन."

"एकाच वक्ती गेले का एक-एक करून?"

हे दुकानदारानं विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आठवून पाहिलं. डावीकडचा पोर्ट आधीपासूनच कुरकुरत होता. महिनाभर त्यात काही घातलं की घट्ट लागायचं, कधी चालायचं, कधी नाही. म्हणून मी सगळं उजवीकडे लावायला लागले होते. उजवीकडचे दोन्ही मात्र गुरुवारी शेतात एका क्षणात गेले.

"मंग हे एक फॉल्ट नाई," बाबा म्हणाले. "दोन हायेत. एकीकडे वेगळा, एकीकडे वेगळा. आपल्याले घाई असली का दोन फॉल्ट एकच दिसतात."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "जाताना काही बोललं का थे?"

"कोण?"

"तुयं मशीन. आमच्या वक्ती लाइन जायच्या आधी खरखर करे. काही तं सांगते."

मला लाज वाटली. चित्र थिजलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी खूण आणि दोन ओळी आल्या होत्या. मी त्या न वाचताच बंद केल्या होत्या. एवढंच आठवत होतं की त्यात 'पॉवर' असा शब्द होता.

"पॉवर," बाबांनी तो शब्द दोनदा स्वतःशीच म्हटला आणि उठून आत गेले. आले ते काखेत चामड्याची जुनी पिशवी घेऊन. तिच्यात काट्याचं मीटर होतं, पकड, तारा डागून जोडायचं सोल्डरिंग आयर्न, आणि जाड काचेचं भिंग. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्या पिशवीला हात लागलेला मी पाहिला नव्हता.

"सोपा फॉल्ट पहिले," ते म्हणाले. "डावीकडचा. पण आधी बंद कर अन् बॅटरी काढ. चालू लाइनीत बोट घालायचं नाई."

बॅटरी काढली. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि भिंगातून पोर्टमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. पोर्टच्या आत प्लास्टिकची एक चपटी जीभ असते आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. मला त्यातल्या दोनच दिसत होत्या. उरलेली जागा करड्या, दाबून बसलेल्या कशानं तरी भरली होती.

"धूळ आहे," मी म्हटलं.

"धूळ अशी बसत नाई. काढून पाहू."

लोखंडी टोक नको म्हणाले, पट्ट्या वाकतील. आईनं स्वयंपाकघरातूनच ऐकलं होतं. तिनं देवापुढची विझलेल्या उदबत्तीची काडी आणून दिली. "घ्या, हे बारीक बी हाये अन् लाकडाचं बी." बाबांनी काडीचं टोक ब्लेडनं आणखी निमुळतं केलं आणि पोर्टच्या कडेनं हळूहळू फिरवलं. आतून एक चपटी गादी निघाली, पेनड्राइव्हच्याच मापाची. मी ती तळहातावर घेऊन बोटांनी विस्कटली. कापूस होता. काळ्या मातीनं मळलेला, पण कापूसच. नमुन्याची फुटलेली बोंडं मी कागदी पुड्यांत बांधून लॅपटॉपच्याच पिशवीत टाकत असे. त्यातले तंतू पोर्टमध्ये शिरत होते आणि मी दर वेळी पेनड्राइव्ह घालून त्यांना आत ठासत होते.

बॅटरी लावली, लॅपटॉप सुरू केला, डावीकडे माउस लावला. पडद्यावरचा बाण हलला.

आई म्हणाली, "झालं मंग!" पण बाबांचं लक्ष उजवीकडे होतं. तिथे त्यांनी टॉर्च मारून पाहिली. दोन्ही पोर्ट स्वच्छ होते, चारही पट्ट्या चमकत होत्या.

"हे दोघं आतून एकाच तारेवर असतीन का?"

मी इंटरनेटवर शोधलं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तसं असतं, शेजारच्या दोन पोर्टना वीज एकत्र जाते आणि एखाद्या वस्तूनं जास्त वीज ओढली की मशीन स्वतःला जपायला त्या दोघांची वीज तोडतं. मी वाचून दाखवत होते आणि बाबा मान हलवत होते. "फ्यूज," ते म्हणाले. "फक्त उडत नाई, दम धरून बसते."

उपायही तिथेच होता. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत उरलीसुरली वीज निघून जाते. बटण बाबांनी दाबलं आणि आकडे मोठ्यानं मोजले. मग बॅटरी लावून सुरू केलं आणि माउस डावीकडून काढून उजवीकडे लावला. चालला. दुसऱ्या पोर्टमध्ये लावला. तिथेही चालला. मला इतका आनंद झाला की मी लगेच सूक्ष्मदर्शक उचलला आणि जोडला. त्याचा दिवा एकदा लुकलुकला. उजवीकडचे दोन्ही पोर्ट पुन्हा मेले.

मी डोकं धरून बसले. बाबांनी मांडीवर थाप मारली. "सापडला!"

"अहो बाबा, पुन्हा बंद पडलं!"

"तेच तं! जो फॉल्ट आपल्याले पाह्यजे तवा येते, तो पकडल्यासारखाच हाये. जो येत-जात राह्यते त्याच्यापायी म्या खांबावर दिवस काढले." ते हसत होते. "या बारीला पडद्यावर काय आलं थे वाच."

या वेळी मी वाचलं. यूएसबीला जोडलेली वस्तू ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत आहे, असा त्याचा अर्थ होता. साध्या दोन ओळी. गुरुवारीही याच आल्या असणार.

मग मदरबोर्डाचा विषय संपला. बाबांनी सूक्ष्मदर्शकाची वायर दोन बोटांत धरून इंच-इंच पुढे सरकवली. नळीजवळ, जिथे वायर आत शिरते, तिथे ती जरा चपटी लागली. मी रोज ती नळीभोवती घट्ट गुंडाळून ठेवत असे, वाकायची ती तिथेच. मीटरचे दोन दांडे लावून त्यांनी वायर वाकवली. सरळ होती तेव्हा काटा जागेवर होता, वाकवली की पलीकडे झेप घ्यायचा. लाल आणि काळी तार आत एकमेकींना लागत होत्या.

तेवढा तुकडा त्यांनी कापला. चार बारीक तारा सोलल्या, रंगाला रंग जोडून सोल्डर केल्या, प्रत्येकीवर वेगळी टेप, वरून पुन्हा एक टेप. हात हलू नये म्हणून मनगट खुर्चीच्या दांडीवर टेकवलं होतं. तो वास, सोल्डरचा, मला लहानपणापासून ओळखीचा होता.

पुन्हा बॅटरी काढली, बटण दाबलं, आकडे मोजले. सूक्ष्मदर्शक लावला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी नमुन्यातलं एक बोंड फोडून खाली धरलं. पडद्यावर अळी आली, अंगावर गुलाबी पट्टे, तपकिरी डोकं.

"हे एवढी?" बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "याच्यापायी सगळा जिल्हा हैरान हाये?"

त्यानंतर दुपारभर त्यांनी मला सूक्ष्मदर्शक दिला नाही. मीठ पाहिलं, साखर पाहिली, आईच्या लुगड्याचा काठ पाहिला, स्वतःच्या अंगठ्याची कातडी पाहिली. मी अळीबद्दल सांगत गेले आणि ते विचारत गेले. अळीचा पतंग होतो तो किती दिवस जगतो, अंडी कुठे घालतो, अळी सरकीच का खाते.

सोमवारी निघताना ते चपला घालून दारात उभे. "वायर नवी जोडलेली हाये. कोनी पाय देईन त्याच्यावर. मी येतो."

बैठक शाळेच्या वर्गात होती. तीसेक माणसं. एका शेतकऱ्यानं हातातलं बोंड उंच धरलं, "मॅडम, हे माह्या वावरातलं. पाहा, कुठी भोक हाय?" मी ते घेतलं, खरंच कुठे भोक नव्हतं. त्याच्याच हातानं फोडायला लावलं आणि सूक्ष्मदर्शक खाली धरला. पडद्यावर अळीनं डोकं वर काढलं. वर्गभर खुर्च्या पुढे सरकल्या.

मागून एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईनं विचारलं, "भोक नाई, तं आत गेली कुठून?"

मी सांगितलं की ती केसाएवढी असताना शिरते आणि बोंड वाढताना ते भोक बुजून जातं. म्हणून बाहेरून पाहून कळत नाही, फोडावंच लागतं. बाई उठून पुढे आल्या, पडद्याजवळ उभ्या राहून बराच वेळ पाहिलं. मग पदरातून आणलेली चार बोंडं टेबलावर ठेवली. "हे बी पाहून द्या."

त्यांच्या मागे रांग लागली. बाबा खाली बसून दोन्ही हातांनी वायर धरून होते, आणि प्रत्येक बोंड फुटलं की मान वर करून पडद्याकडे पाहत होते.