चावणारी कुत्री आणि नानांचं ऑफिस

रक्त संदीपच्या बोटातून येत होतं आणि इंजेक्शन मात्र सगळ्यांना कुत्रीला द्यायचं होतं.

"डॉक्टर, हिला आत्ताच्या आत्ता झोपवून टाका," नाना म्हणाले.

झोपवणं म्हणजे मारणं. लोक हा शब्द इतक्या सहज वापरतात की जणू पंखाच बंद करायचा आहे. मी आधी संदीपला नळाखाली नेलं आणि साबण लावून जखम धुवायला सांगितलं, पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्यात. त्याला हळद दाबून मोकळं व्हायचं होतं. मी त्याचं मनगट सोडलं नाही. सिव्हिलला जा, रेबीजची लस आजच सुरू कर, कोर्स अर्धा सोडू नकोस, हे त्याला तीनदा सांगितलं. जखम लहान होती. पण रेबीज जखमेचं माप बघत नाही.

मी पशुवैद्य आहे. सरकारी नोकरीची बहुतेक वर्षं धरणगाव आणि भडगाव तालुक्यांत गाई-म्हशींच्या मागे गेली. निवृत्तीनंतर जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेलगत कुत्र्यांचं एक निवारा केंद्र आहे, तिथे मी जाते. नाना त्या ट्रस्टचे अध्यक्ष. जळगावात त्यांचं टाइल्सचं मोठं दुकान आहे. माणूस वाईट नाही. हे मी आज लिहू शकते, त्या दिवशी नसतं लिहिलं.

त्या दिवशी नानांचा वाढदिवस होता आणि तो 'मुक्या जिवांसोबत' साजरा करायचं ठरलं होतं. एप्रिलचं ऊन. वर पत्रे. पिंजऱ्यांच्या रांगेसमोर स्पीकर लावलेला. वीसेक कुत्री एकाच वेळी भुंकत होती आणि पाहुण्यांना वाटत होतं, ती खूश आहेत. कुणी जाळीतून केक आत ढकलत होतं, कुणी फोटो काढत होतं. मी स्पीकर बंद करायला सांगितलं. आवाज थोडा कमी झाला, मी पाठ फिरवल्यावर पुन्हा वाढला. तेवढ्यात नानांचा भाचा संदीप शेवटच्या पिंजऱ्याकडे गेला. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेल्या कुत्रीने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून त्याने जाळीतून हात घातला आणि तिचा कान ओढला.

ती कुत्री धरणगावजवळच्या एका जिनिंगमधली होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तो बंद पडला, जागा विकली गेली, आणि नव्या मालकाने आम्हाला फोन करून तिला उचलायला लावलं. तिथे तिला मोठं मोकळं आवार होतं. माणसं थोडी, तीही ओळखीची. तिथून ती थेट आमच्याकडे आली, चार पावलांच्या पिंजऱ्यात. दोन्ही बाजूंना अनोळखी कुत्री आणि दिवसभर थांबत नाही असा आवाज.

अशा कुत्र्यांना जे होतं त्याला आम्ही केनेल स्ट्रेस म्हणतो. तपासलं तर आजार सापडत नाही. पण कुत्र्याला पळायला जागा नाही, लपायला जागा नाही आणि गाढ झोप नाही. मग ते स्वतःलाच खायला लागतं. ही पुढचे पंजे चाटत राहायची, कातडी सोलून लाल होईपर्यंत. एकाच दिशेने गोल फिरायची. भिंतीकडे तोंड करून धापा टाकायची. राहायच्या जागेत घाण करायची सवय नव्हती, म्हणून लघवी रोखून धरायची. आमचे भिकनभाऊ पिंजरे धुवायचे आणि खाणं द्यायचे. ते मला म्हणाले होते, "मॅडम, बठ्ठा खातस. हाई एकलीच खात नही." बठ्ठा म्हणजे सगळे.

मी त्यांना सांगितलं होतं की कुत्री आत असताना पिंजऱ्यात पाण्याचा पाइप मारू नका, ताटल्या आपटू नका, तिच्या जाळीवर पडदा टाका. पडदा टाकला गेला. दुसऱ्या दिवशी निघाला, कारण पाहुण्यांना कुत्री दिसत नाही अशी तक्रार आली. पाइप चालूच राहिला. तिला मागच्या शांत बाजूला हलवायचं मी दोन मीटिंगमध्ये मांडलं. दोन्ही वेळा सगळ्यांनी मान डोलावली आणि चहा आला.

म्हणून त्या दिवशी मला संदीपपेक्षा आम्हा सगळ्यांचा राग आला होता. चावण्याआधी तिने सगळं सांगून पाहिलं होतं. तोंड फिरवलं. जांभई दिली. कुत्रं झोप आली नसताना जांभई देतं तेव्हा ते घाबरलेलं असतं. ओठ चाटले. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. गुरगुरली. गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नाही, 'लांब राहा' एवढंच त्याचं मराठी. हे सगळं होऊन गेल्यावर ती चावली, आणि चावणं तेवढं सगळ्यांना दिसलं.

"निरोगी कुत्र्याला मारता येत नाही, नाना," मी म्हणाले. "कायद्याने येत नाही. आणि आलं असतं तरी मी मारलं नसतं."

नाना जरा नरमले. मग त्यांना दुसरी युक्ती सुचली. ती मी कधी विसरणार नाही. गाडी देतो म्हणाले, ड्रायव्हर देतो, धुळ्याच्या पुढे कुठे तरी सोडून द्या. तिथे कोण विचारतंय. आजूबाजूच्या दोघांनी लगेच माना हलवल्या.

माझा आवाज चढला. नोकरीत मी आमदाराच्या माणसांशीही इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. मी म्हणाले, अनोळखी हायवेवर हिला उतरवलंत तर ही संध्याकाळपर्यंत ट्रकखाली जाईल, आणि त्याला सोडणं म्हणत नाहीत. शिवाय चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. रेबीज असेल तर त्या काळात कळतं. ती धुळ्याच्या पुढे गेली तर संदीपवर लक्ष कसं ठेवायचं, ते तुम्हीच त्याच्या आईला सांगा.

संदीपची आई म्हणजे नानांची थोरली बहीण.

"मग ठेवा तुमच्या नजरेखाली," नाना म्हणाले. "पण रांगेत नको. लोकांना भीती वाटते."

रांगेत नको, हे तर मी महिनाभर सांगत होते. मी म्हणाले, वेगळी, बंद होणारी, शांत खोली लागेल. केंद्रात तशी एकच खोली आहे.

नानांना समजायला थोडा वेळ लागला.

ती खोली म्हणजे अध्यक्षांचं ऑफिस. मागच्या बाजूला, वर स्लॅब, खिडकीबाहेर कडुनिंब, आत कूलर. टेबल, सहा खुर्च्या आणि काचेच्या कपाटात सन्मानचिन्हं. नाना तिथे कार्यक्रम असेल तेव्हा बसायचे. एरवी कुलूप.

"माझ्या ऑफिसात कुत्री?"

"निवारा केंद्र आहे हे," मी म्हणाले. "चावी द्या."

त्यांनी चावी दिली. रागाने दिली, पण दिली. मीही ती आभार न मानता घेतली.

भिकनभाऊ पकडकाठी घेऊन आले. तिच्या टोकाला फास असतो, तो गळ्यात अडकवून कुत्रं ओढतात. मी ती बाजूला फेकली आणि आधी सगळ्या पाहुण्यांना गेटबाहेर काढलं. स्पीकरची वायर स्वतः उपटली. मग वाहतुकीचा मोठा पिंजरा जाड चादरीने झाकला आणि त्याचं दार तिच्या दाराला लावून आम्ही दोघं लांब जाऊन बसलो. घाबरलेलं कुत्रं अंधार शोधतं. बऱ्याच वेळाने ती पोटावर सरकत आपणहून आत गेली. भिकनभाऊंनी दार लावलं, ताटली आपटणाऱ्या त्याच हातांनी, पण इतकं हळू की मला कडीचा आवाज आला नाही.

ऑफिसात ती थेट टेबलाखाली घुसली. टेबलाच्या तिन्ही बाजूंना मी चादरी सोडल्या. कूलर चालू ठेवला, थंडाव्यासाठी आणि त्याच्या एकसारख्या घरघरीसाठीही. त्या आवाजात रांगेतलं भुंकणं बुडून जातं. भीती कमी करणारी गोळी थोड्या दिवसांसाठी दिली, पंजांना मलम लावता येत नव्हतं म्हणून तेही औषध, ती जे एक-दोन घास चाटायची त्यातून. बाकी नियम एकच होता. तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

हे सगळ्यात अवघड. ट्रस्टचे लोक खिडकीतून डोकावायचे, चुचकारायचे, "काय झालं गं बाळा" म्हणायचे. मी खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. प्रेम करायचं असेल तर लांबून करा, असं एका देणगीदार बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांनी नानांकडे तक्रार केली. बरं झालं.

मी जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि माझी कामं करायचे. भिकनभाऊ खाणं ठेवून, न बोलता निघून जायचे. पहाटे आणि दिवस कलल्यावर लांब दोरीवर तिला मागच्या पडीक शेतात न्यायचो. पहिल्यांदा मातीला पाय लागले तेव्हा ती उभी राहिली आणि इतका वेळ लघवी करत राहिली की भिकनभाऊंनी मान फिरवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. संतापाचं होतं. एवढीशी गोष्ट. माती. ती आम्ही द्यावी म्हणून कुणाचं तरी बोट फुटावं लागलं.

त्यानंतर ती पोटभर खायला लागली. आधी आम्ही गेल्यावर, मग आम्ही असताना. एका दुपारी भिकनभाऊ दारातून कुजबुजले, "मॅडम, हाई झोपेल शे." मी वाकून पाहिलं. ती कुशीवर पडली होती, चारही पाय सैल सोडून. आमच्याकडे आल्यापासून तिला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नाना आले. दारात उभे राहिले. टेबलाखालची कुत्री, चिकटवलेली वर्तमानपत्रं, खुर्च्यांवर सुकत घातलेल्या चादरी, सगळं पाहिलं.

"दहा दिवस झाले," ते म्हणाले. "रेबीज नाही. आता रांगेत न्या."

मी म्हणाले, रांगेत नेलंत तर पुन्हा तेच होईल. ती बरी झाली ती जागेमुळे. हिला घर बघते, तोवर खोली द्या. त्यांनी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मी म्हणाले, मीटिंग कडुनिंबाखाली घ्या. ती खरंच कडुनिंबाखाली झाली आणि लवकर संपली.

घर शोधताना मला भडगावकडच्या सुनंदाअक्का आठवल्या. गिरणाकाठी त्यांचं शेत. त्यांच्या म्हशींची बाळंतपणं मी केली आहेत. बाई तुटक बोलतात, कुणाच्या पुढे-मागे करत नाहीत. फोनवर सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "ताई, माले कुत्रासना लाड करता येत नही."

"तेच हवंय," मी म्हणाले.

त्या आल्या, ऑफिसात बसल्या, माझ्याशी कपाशीबद्दल बोलल्या आणि टेबलाखाली एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा कुत्री बाहेर येऊन त्यांच्या चपला हुंगून गेली. तिसऱ्यांदा आम्ही तिला घेऊन गेलो. गाडीत ती थरथरत होती. शेतात उतरल्यावर गोठ्याच्या सावलीत गेली, खड्डा उकरला आणि त्यात बसली.

मध्यंतरी मी तिकडे गेले. पंजांवर केस आले आहेत. मला पाहून बांधापर्यंत धावत आली आणि भुंकली, चांगली दमदार, अनोळखी माणसावर भुंकतात तशी. अक्कांनी तिला गप्प केलं नाही. मी बांधावरच थांबले.

ट्रस्टने आपल्या पेजवर नानांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'अध्यक्षांनी आपलं ऑफिस देऊन वाचवला मुका जीव.' पाचशे जणांनी हात जोडले. मी नानांना फोन करून विचारलं की आता ती खोली अशा कुत्र्यांसाठी कायमची द्याल का. ते म्हणाले, बघू. ऑफिसला सध्या कुलूप आहे. पिंजऱ्यांवर पडदे मात्र आले आणि ते कुणी काढत नाही, कारण भिकनभाऊ काढू देत नाहीत. वाढदिवस आता गेटबाहेर होतात. तेवढ्यासाठी मी केंद्र सोडायची धमकी दिली होती.

या कामात मी एवढं शिकले. घाबरलेल्या कुत्र्यासाठी औषध मागितलं की दुसऱ्या दिवशी येतं. शांतता मागितली की मीटिंग होते.