टेलरच्या घरची दिवाळी

वाशिमच्या स्टँडबाहेर पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती आणि बाबांच्या गळ्यात टेप तसाच लटकत होता. दुकानातून सरळ आले होते. माझ्या वर्गातली एक मुलगीही त्याच गाडीने निघाली होती. तिच्या वडिलांशी बोलता बोलता बाबांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी टेप काढला, गुंडाळला आणि खिशात टाकला. मी खिडकीतून ते पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. गाडी हलली तेव्हा आईने खालून सांगितलं, पोचली की फोन कर. बाबांनी नुसता हात वर केला.

आमचं पुढे दुकान आणि मागे घर. मशीनच्या आवाजात अभ्यास, मशीनच्या आवाजात झोप. पण मला मशीनवर बसायची बंदी होती. लहानपणी पायडलवर पाय ठेवला की बाबा म्हणायचे, "एका घरात एक मशीन पुरे." त्यासाठीच मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. त्या शाळेचे युनिफॉर्मही बाबाच शिवत. वर्गात मी गप्प बसून पुढच्या बाकावरच्या मुलींच्या कॉलरी बघत असे. इंग्रजीत भीतीने गप्प, मराठीत सवयीने.

दिवाळी आमच्याकडे उशिरा यायची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही दारात गिऱ्हाईक उभं असायचं, कुणाची काजंबटणं राहिलेली, कुणाची पँट लांब झालेली. गावाचे कपडे आधी आणि घरचे शेवटी, हा बाबांचा नियम. माझा नवा ड्रेस भाऊबीजेला तयार व्हायचा. आई म्हणायची, साऱ्या गावाची झाली की मग आपली.

पुण्यात मला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती. गळ्यात कार्ड, कंपनीची बस, एसीमुळे खांद्यावर कायम शाल. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि नम्र भाषेत कळवायच्या. काम वाईट नव्हतं. पहिल्याच दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, कारण रिलीज होता, नवं सॉफ्टवेअर ग्राहकांना द्यायचं होतं. रिलीज म्हणजे काय ते मी बाबांना फोनवर समजावलं. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण शब्द त्यांनी जपून ठेवला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला, असं आई म्हणाली. पोरगी येऊन नाही राहिली, रिलीज हाय.

मला मात्र ऑफिसातही कपडेच दिसत. मीटिंगमध्ये समोरचा प्रेझेंटेशन देत असे आणि मी त्याच्या मागे सरकलेल्या खांद्याच्या शिलाईकडे बघत बसे. रूममेटचा एक कुर्ता बगलेत ओढत होता, तो उसवून परत शिवला. मग मशीन घेतलं. मग शनिवार पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एका काकूंकडे सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कंपनीने काढलंय, की हौस?"

हौस आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आधी उसवायला बसा. हौस तिथेच फिटते."

फिटली नाही. दोन वर्षं मी तिथे जात राहिले. सोमवारी बोटाला पट्टी लावून कीबोर्डवर बसायचे. शिवलेलं चुकलं की काकू काही बोलत नसत, फक्त उसवायची कात्री पुढे सरकवत. ट्रायलला आलेली बाई आरशापुढे हात वर करते, खाली करते, वळून पाठ बघते, आणि एखाद्या दिवशी तिला काहीच तक्रार सुचत नाही. त्या क्षणासाठी मी आठवडाभर थांबत असे. ऑफिसात तसं काही नव्हतं.

राजीनामा देण्याआधी बाबांना फोन केला. ते नेहमी मशीन चालवत बोलतात. त्या दिवशी माझं वाक्य पुरं झालं आणि मशीन थांबलं.

"मंग म्या कायच्यासाठी शिवलं इतके दिवस?"

फोन आईकडे गेला. तिने विचारलं, जेवली का.

मी राजीनामा दिला. कर्वेनगरमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा घेतला. वर्षभराने एका लग्नासाठी बाबा पुण्यात आले, तेव्हा दुकान बघायला आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. टांगलेला एक ब्लाउज काढला, उलटा केला, आत शिलाईबाहेर सोडलेली माया अंगठ्याने चाचपली, काखेची शिलाई उजेडात धरली. मी तेव्हा कुठल्याही इंटरव्ह्यूला बसले नसेन इतकी ताठ उभी होते.

"हात चांगला हाय तुया," ते म्हणाले. ब्लाउज परत टांगला. दारात चप्पल घालताना खाली बघत म्हणाले, "गावात नको सांगू."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गावाहून पुण्यात आले, ते दिवाळीत बॅगा घेऊन स्वारगेटला नाहीतर वाकडला उभे असतात. मी नसते. पुण्यातल्या बायकांनाही ब्लाउज लक्ष्मीपूजनाच्या आतच हवा असतो. यंदा त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांचं मशीन चालू होतं, माझंही. दोघांच्याही दारात गिऱ्हाईक होतं.

"तुया शाळेतले सर आले होते," ते म्हणाले. "इचारून राहिले होते, पोरगी नाही आली का."

"मग?"

"म्हणलं, रिलीज हाय."

पुढे दोघांचीही मशीनं चालत राहिली. थोड्या वेळाने त्यांनी फोन ठेवला.

मी भाऊबीज झाल्यावर गावी जाते. कुणी विचारलं, सध्या कुठला प्रोजेक्ट, तर इंग्रजीत काहीतरी सांगते. बाबा मान खाली घालून शिवत राहतात. घर म्हणजे आता मी अजून नोकरीत आहे ती एकमेव जागा. मागच्या खोलीत बसून मी मशीन ऐकते. ताण सैल झालाय, दोरा कुठे अडतोय, हे आवाजावरून कळतं. उठत नाही. बाबांना अलीकडे नीट दिसत नाही. सुईत दोरा ओवायचा असला की ते हाक मारतात. आईला.