सासऱ्यांचा लाल टॅग

भिलाईत लोखंड वितळवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अख्ख्या इंटरनेटला थांबवून धरणारा माणूस एकच, आणि तो माझा सासरा आहे. कारखान्यात विजेच्या दुरुस्तीत जन्म घालवून ते निवृत्त झाले आणि लोक गुडघे धरून बसतात त्या वयात हिंदी व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकले. स्मृति नगरातल्या बैठकीत एक जुना संगणक मांडून त्यावर त्यांनी आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीची वेबसाईट उभी केली. घराघरातल्या मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर लोकांनी विश्वासानं त्यांच्या हवाली केले, आणि तेव्हापासून हा माणूस स्वस्थ झोपलेला मला आठवत नाही.

ज्या तयार फ्रेमवर्कवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आयत्या सांगाड्यावर, ही साईट उभी होती, त्यात कुठं नवं भोक सापडलं का, हे वाचल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरायचा नाही. नवी आवृत्ती आली की एका जाड वहीत तिचा आकडा आणि खाली आपली सही. आवृत्तीत फक्त शेवटचा आकडा बदललेला असला तरी कारखान्याच्या रीतीनं पूर्ण शटडाउन. समाजाच्या कमिटीतल्या प्रत्येकाला फोन जायचा, साईट बंद व्हायची, आणि संगणकाच्या स्विचवर सुतळीनं लाल टॅग लटकायचा : ‘माणूस काम करून राहिला आहे. हात लावू नये.’ खाली नाव. ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, हा नियम. ऐन लग्नसराईत गोंदियाहून एका मुलाचे वडील फोनवर कावले, “काका, तुमची साईट कावून बंद राहते जी सदा?” सासरे शांतपणे म्हणाले, “मशीन चालू ठिवून कोनी बेल्ट बदलवते का?” सासूबाईंना तर या टॅगची इतकी सवय झाली होती की तो दिसला की त्या झाडूसुद्धा टेबलाला वळसा घालून न्यायच्या.

मी या सगळ्याला मनसोक्त हसायचो. मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी मला फरमान सोडलं, “जय भीम जवाईबापू. आजची सूचना वाचून दाखवा मले.” मी मोबाईलवर वाचू लागलो. फ्रेमवर्कमध्ये मोठं भोक सापडलं होतं, पासवर्डशिवाय कोणीही बाहेरून आत शिरू शकत होता. सासरे ताडकन उठून बसले. “पोरींचे नंबर हायेत आत! आत्ताच्या आत्ता घरी जा. पहले टॅग लावा, साईट बंद करा, फिर अपडेट. वहीत समदं लिवलं हाय.”

मी मोहन नगरात राहणारा साधा शाळामास्तर, पण वही इतकी स्पष्ट होती की काम जमू लागलं. टॅग मात्र मी लावला नाही. पुठ्ठ्याला कोण भीतं, असं म्हणून तो खणातच राहू दिला. साईट बंद केली, नवी आवृत्ती उतरायला लागली, आणि मी चहा घ्यायला आत गेलो. तेवढ्यात सासूबाई पोछा मारायला बैठकीत आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, टॅग नाही हे पाहिलं, आणि रोज पोछ्याच्या वेळी करायच्या तसा खटकन स्विच बंद केला. “टॅग नवता न बापू,” त्या निरागसपणे म्हणाल्या, “मनून बंद केलं.”

संगणक परत सुरू झाला, साईट काही उठेना. घामाघूम होऊन मी फोन लावला. वाटलं, आता माझा उद्धार होणार. ते म्हणाले, “बंद हाय न? मंग पोरी सुरक्षित हायेत. आता टॅग लावा, आन् पहल्यापासून करा.” मी मुकाट्यानं टॅग लावला. दुपारपर्यंत साईट नव्या आवृत्तीवर उभी राहिली.

संध्याकाळी दवाखान्यात मी माफी मागितली. ते पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, “कारखान्यामधी माह्या जोडीदाराचा हात मशीनमधी होता. टॅग लावाले तो भुलला होता. स्विच मी दाबलं, जवाईबापू.” मग म्हणाले, “त्याची पोरगी हाय आपल्या सूचीत.” इतकी वर्षं मी कशाला हसत होतो, ते तेव्हा कळलं.

आता त्यांचे डोळे छान आहेत, त्या मुलीचं लग्नही राजनांदगावला थाटात झालं. पण अपडेट मीच करतो. त्यांनी स्वतःच्या अक्षरात माझं नाव लिहिलेला नवा टॅग मला दिला आहे. मी काम करतो, ते शेजारी बसून चहा पितात, वही तपासतात आणि म्हणतात, “हां, आता काढा.” मगच मी सुतळी सोडतो. नियमानं मला त्यांना विचारायची गरज नाही, टॅग माझ्या नावाचा आहे. तरी मी दर वेळी थांबतो. कधीतरी तो एकट्यानं काढावा लागेल, हे मला माहीत आहे, आणि त्या दिवसाची मला फार भीती वाटते.