डावीकडे पन्नास ग्रॅम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुटकं दुकान आहे. त्याचं दार इतकं ठेंगणं, की पहिल्यांदा येणारा माणूस कपाळ आपटून आत शिरतो आणि नंतर जन्मभर कुठल्याही दाराशी उगाच वाकतो. आत भिंतीभर तराजू टांगलेले, मागच्या बाजूला घर. वारा सुटला की त्यांच्या साखळ्या किणकिणतात, आणि त्या किणकिणाटाच्या मधोमध, पाठ ताठ, एक भुवई वर, असे काटेकाका बसलेले असतात. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षं झाली. पाठसुद्धा त्यांनी ओळंबा लावूनच सरळ करून घेतली असावी, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

काकांचा एक नेम होता. कुठलाही काटा उघडण्याआधी त्यात खोट किती आहे ते मोजायचं आणि लांबट वहीत लिहायचं. मग काटा उघडायचा, पुसायचा, सरळ करायचा, आणि त्या खोटीपुढे एकच शब्द लिहायचा: 'काढली'. अशा अठरा वह्या भरल्या होत्या. एका व्यापाऱ्याने एकदा गालातल्या गालात हसत विचारलं होतं, "काका, जरासा माझ्या बाजूला झुकता ठेवता का?" काकांनी त्याचा काटा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दार ठेंगणं आहे, जाताना वाकून जा." ही गोष्ट काका स्वतः कधी सांगत नसत. मात्र दुसरा कोणी सांगू लागला की त्याला मध्येच थांबवून तपशील दुरुस्त करत.

अशा माणसाच्या वाट्याला टोकनकाकू आल्या.

काकूंनी बावीस वर्षं एका गेम पार्लरच्या खिडकीत बसून टोकनं दिली. सकाळी पार्लर रिकामं असे. झाडलोट उरकली की काकू बाह्या सारून पहिल्या मशीनसमोर उभ्या राहत आणि दोन पैलवानांची लढत खेळत. शिकवलं कोणी नाही. पोळी लाटायला जशी शिकवावी लागत नाही, हात आपला आपण गोल होत जातो, तसा त्यांचा हात त्या दांडीवर तयार झाला. दुपारी पोरांची झुंड येई. एखाद्याला फारच मस्ती चढली, की काकू खिडकीतून उठत, एका डावात त्याला लोळवत आणि परत खिडकीत जाऊन बसत. चेहरा असा, जसं काही पंखा बंद करायलाच उठल्या होत्या.

पार्लर बंद पडलं तेव्हा मालकाने पहिल्या मशीनची, काकूंच्या बाजूची दर्शनी फळी कापून त्यांना दिली. लाल गोट्याची एक दांडी, सहा बटणं. काकूंच्या वायरमन भाच्याने ती फळी लाकडी पेटीवर बसवून टीव्हीला जोडून दिली. तेव्हापासून दुपारची भांडी झाली की काकू पेटी मांडीवर घेत.

"हे तुझं दुसरं लग्न," काका म्हणत.

"हो ना. हा निदान दाबलं की ऐकतो," काकू म्हणत.

गेल्या महिन्यात काकूंची दाढ ठणकू लागली. दातांचा डॉक्टर निघाला पार्लरमधलाच एक जुना पोरगा. जाड भिंगांचा चष्मा तेव्हाही होता, आताही तसाच. काकूंकडून तो त्या काळी इतक्या वेळा हरला होता, की पुढे लोकांचे दात उपटायचा धंदा त्याने त्याच रागातून धरला, असं काकूंचं मत. त्याने इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला, आणि मग, काकूंना बोलता येत नाही हे नीट बघून घेऊन, म्हणाला, "काकू, आठवतं ना, किती हरवायचात मला? पण खरं सांगू? तेव्हा मी लहान होतो. स्टुलावर उभा राहून खेळायचो. आता तुमचं वय झालं. आता जमायचं नाही तुम्हाला."

काकूंचा अर्धा जबडा बधिर, आणि बोलण्यासारखं तर केवढं साठलेलं. त्यांनी हात वर केला.

"दुखतंय का?" डॉक्टर घाबरला.

काकूंनी मान हलवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट रोखलं, ते रविवारावर नेलं, मग चार बोटं दाखवली, आणि शेवटी हवेतच एक दांडी धरून गरागरा फिरवली.

"रविवारी चारला? तुमच्या घरी?"

"ऊं," काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आता माघार नव्हती. हरल्या असत्या तर बावीस वर्षांचं नाव एका दुपारी गेलं असतं. शिवाय दुसरी दाढ बाकी होती. म्हणजे मंगळवारी त्याच तोंडाने जाऊन, त्याच माणसापुढे, तेच तोंड उघडायचं होतं.

आणि बुधवारी सराव करताना दांडीने मान टाकली. कट्ट असा आवाज आला आणि ती वाळक्या देठासारखी लुळी पडली. तिसरं बटण तर कधीचंच रुसलेलं होतं, तीनदा दाबलं की एकदा ऐकायचं.

"अहो, बघता का जरा?"

"मी काटे बघतो. खेळणी नाही."

"बरं. भाच्याला बोलावते मग. तो चिकटपट्टी मारून देईल."

चिकटपट्टी हा शब्द काकांना शिवीसारखा लागतो. दहा मिनिटांत पेटी दुकानात होती.

नेम म्हणजे नेम. उघडण्याआधी मोजायचं. काकांनी लुळी दांडी दोन लाकडी पाचरींनी जागेवर धरली, तिच्या मानेला दोरा बांधला, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडला आणि त्याला पितळी वजनं अडकवायला सुरुवात केली. किती वजनाला आतला खटका वाजतो ते कान देऊन ऐकायचं. वर, दीडशे ग्रॅम. खाली, दीडशे. उजवीकडे, दीडशे. डावीकडे, शंभरालाच कट्ट. काकांची भुवई आणखी चढली. दोनदा मोजलं. वहीत लिहिलं: 'दांडी. खोट, डावीकडे पन्नास ग्रॅम.'

मग पेटी पालथी करून उघडली. प्रत्येक बटणाला दोन वायरी, त्यातली काळी सगळ्यांतून माळेसारखी ओवलेली. काकांनी आधी प्रत्येक वायरीला आकड्याची चिठ्ठी बांधली. वायर ओढायची नाही, पिनेलाच पकडीने धरून काढायची. बटणाच्या दोन्ही कुशी दाबल्या की ते टुणकन बाहेर येतं. लाल गोटा काढायला खालून दांडीच्या टोकात स्क्रूड्रायव्हर धरून वरून गोटा फिरवला. खालची पट्टी तडकली होती आणि बावीस वर्षांच्या रेट्याने डावा खटका झिजून आत सरकला होता. भाच्याने नवी दांडी आणि सहा नवी बटणं आणून दिली. काकांनी ती बसवली, पिना चिठ्ठ्यांबरहुकूम लावल्या, जुना लाल गोटा पुसून पुन्हा चढवला, आणि चारी दिशांना दोरा बांधून बघितलं. दीडशे, दीडशे, दीडशे, दीडशे. त्यांनी वहीत 'काढली' लिहिलं आणि ती ओळ जरा लांबून बघितली, लोक बाळाकडे बघतात तशी.

शनिवारी दुपारी काकू खेळायला बसल्या आणि सगळा अनर्थ झाला. त्यांचा निळा पैलवान डावीकडे झेप घ्यायची तिथे नुसता उभा राही. बटणाचं तर विचारूच नका. काकू सवयीने तीनदा दाबत आणि पैलवान तीन-तीन लाथा झाडी, समोर कोणी असो वा नसो. टीव्हीतल्या मशीनकडूनच काकू सात वेळा हरल्या.

"बिघडवलीत तुम्ही," पेटी दुकानात आणून ठेवत त्या म्हणाल्या.

"बिघडवली? अगं, चारी बाजूंना एका ग्रॅमाचा फरक नाही!"

"तेच तर! माझा हात त्या वाकड्या दांडीवर वाढलाय. डावीकडे ती निम्मी वाट स्वतः यायची. आता मला ढकलावं लागतं, तोवर तिकडे लाथ बसते."

"चार दिवसांत सवय होईल."

"मॅच उद्या आहे."

काकांनी हातातली पकड खाली ठेवली. जरा वेळाने, दुसऱ्याच कोणाचं काम असल्यासारखं, काकू म्हणाल्या, "किती होती ती खोट? लिहिली असेल ना तुम्ही?"

"लिहिली आहे."

"मग परत घाला."

हे शब्द ऐकून भिंतीवरचे तराजूसुद्धा क्षणभर थांबले असतील. काका उठून दुकानाच्या दाराशी गेले आणि चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा कपाळ आपटून घेतलं. परत येऊन म्हणाले, "मी आयुष्यात कुठे खोट घातली नाही."

"मी कुठे बाजारात बसणार आहे? ह्या दांडीवर कोणी बटाटे मोजून घेणार आहे का?" काकूंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, उलट उतरला. "अहो, त्या पार्लरमध्ये मला कोणी काही समजत नव्हतं. खिडकीतली बाई. त्या एका दांडीवर तेवढं माझं नाव होतं."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाजही केला नाही, आणि काकांना नेमकी त्याचीच धास्ती वाटली.

दुकानात ऊन तिरपं होईपर्यंत काका त्या पेटीसमोर बसून होते. मग त्यांनी डाव्या खटक्याचे दोन स्क्रू सैल केले. खटका केसभर आत सरकवला. दोरा, वजनं. एकशे तीस. आणखी सरकवला. नव्वद. "छे, जास्त झाली," ते स्वतःशीच पुटपुटले. खोट घालायची तरी ती बरोबर नको का! पाच वेळा सरकवली, पाच वेळा मोजली, आणि नेमकी शंभराला आल्यावरच स्क्रू आवळले. वही उघडली. 'काढली'च्या खाली पेन टेकवलं, पण शब्द काही लिहवेना. वही तशीच मिटली.

बटणांचं काकूंनी मनावर घेतलं नाही. "ती राहू दे. लाथा काय, जास्त झाल्या तर कोणाला नको आहेत?"

रविवारी चार वाजता डॉक्टर आला तो स्वतःचा हातात धरायचा कंट्रोलर घेऊन. निम्मी गल्ली खोलीत, निम्मी खिडकीत. पाचांत तीन डाव जिंकायचे असं ठरलं. पहिला डाव काकूंनी घेतला. दुसऱ्यात डॉक्टरने डोकं लढवलं आणि तो घेतला. मग चष्मा पुसत म्हणाला, "काकू, ती पेटी एकदा मला द्या ना. नुसती हात लावून बघतो. पहिल्या मशीनवरची तुमची बाजू मला कधी मिळालीच नाही."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते. पेटी द्यावी लागली.

डॉक्टरने दांडीला बोट लावायचा अवकाश, पैलवान डावीकडे गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खोली हसली. डॉक्टर मात्र हसला नाही. "काका, ही ओढते डावीकडे. नवी दांडी ना ही? तुम्ही बसवलेली?"

आता खोलीत कोणी हसेना. काटेकाकांनी बसवलेली वस्तू एका बाजूला ओढते, हे वाक्य आमच्या गल्लीत आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. काका उठले. पाठ ताठच होती. "ओढते. पन्नास ग्रॅम. मीच घातली आहे."

"म्हणजे काटा मारलात?"

"न सांगता झुकवला तर तो काटा मारणं. काल घातली तेव्हा सांगितलं नाही, ती चूक माझी. आत्ता सांगतोय." काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "नको असेल तर दोन स्क्रू आहेत. सगळ्यांसमोर सरळ करतो."

काकू डॉक्टरच्या हातातल्या पेटीची कड धरून बसल्या.

डॉक्टरने दांडी हळूच पुन्हा एकदा ढकलली. पैलवान पुन्हा भिंतीला जाऊन भिडला. "म्हणजे जुनी पण अशीच होती?"

"अगदी अशीच. वहीत आहे."

"आणि ह्या दांडीवर त्या आम्हाला हरवायच्या?" तो काकूंकडे बघत राहिला. "मला वाटायचं तुमची दांडी भारी आहे, काकू. म्हणून तुम्ही जिंकता. ती तर मोडकी होती!" त्याने पेटी उचलून काकूंच्या मांडीवर ठेवली. "स्क्रूड्रायव्हर ठेवा, काका. ह्यांना हरवायचं तर ह्याच दांडीवर हरवायचं."

तिसरा डाव काकूंनी घेतला. चौथ्यात दोघांचे पैलवान शेवटच्या घटकेला आले होते. काकूंनी डावीकडे झेप घेतली आणि सवयीने तिसरं बटण तीनदा दाबलं. डॉक्टरने पहिली लाथ अडवली. दुसरी येईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तिसरीला त्याचा पैलवान आडवाच होता.

खिडकीतली गल्ली ओरडली. काकू शांतपणे उठल्या आणि पंखा बंद केला.

त्या संध्याकाळी काकांनी वही उघडली. 'काढली'च्या खालची जागा कोरी नव्हती. तिथे काकूंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'घातली'. काकांनी ती ओळ दोनदा वाचली, अक्षर जरा उजवीकडे झुकलंय म्हणून कुरकुरले, आणि खाली सही केली.

मंगळवारी काकू दुसऱ्या दाढेसाठी गेल्या. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गालात कापूस कोंबला आणि आरसा पुढे धरून विचारलं, "दुखतंय का, काकू?"

काकूंना बोलता येत नव्हतं. त्यांनी एका हाताची तीन बोटं वर केली, दुसऱ्या हाताचं एक.