बंकरबाहेर

माझ्या आजोबांचं लहानपण, म्हणजे चौथ्यापासून नवव्या वर्षापर्यंतचं, जर्मनीत गेलं. त्यांचे वडील साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला हानोफरला गेले होते आणि बायको-मुलाला सोबत घेऊन गेले होते. ते राहायचे त्याच इमारतीत, एक मजला खाली, आजोबांच्या वयाची एक मुलगी होती. दोघं बरोबर शाळेत जायची, मागच्या अंगणात गोट्या खेळायची. ती ज्यू आहे म्हणजे काय आहे, हे आजोबांना कळलं ते वर्गात तिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवलं तेव्हा. त्याच वर्षी पणजोबा सगळ्यांना घेऊन पुण्याला परतले.

युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी, ओळखीतल्या कोणाच्या तरी मार्फत, दोघांना एकमेकांचा पत्ता लागला. तेव्हापासून तिच्या वाढदिवसाला आजोबा न चुकता फोन करायचे. प्रत्यक्ष भेट मात्र झाली नाही. युद्धात ती खेड्यात मावशीकडे होती आणि म्हणून वाचली, एवढंच आमच्या घरात माहीत होतं.

लग्न होऊन मी वोल्फ्सबुर्गला आले ती २००५ च्या हिवाळ्यात. नवरा इंजिनिअर. तो सकाळी अंधारात जायचा आणि संध्याकाळी अंधारात यायचा. मला काम करायची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गावात गाडीशिवाय कुठे जाण्यात अर्थ नव्हता. एका रविवारी वॉशिंग मशीन लावलं, तर रविवारी इथे आवाज करायचा नसतो असं खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन सुनावून गेल्या. तेव्हापासून मी स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायला लागले. खिडकीतून पार्किंग दिसायचं. कुठली गाडी कोणाची, हे मला पाठ झालं होतं.

आजोबा फोनवर म्हणाले, "अगं, ती अजून हानोफरलाच, तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर राहते. अजून गेली नाहीस?"

"आजोबा, मला जर्मन कुठे नीट येतं?"

"मला तरी कुठे येतं? नऊ वर्षांच्या पोराचं येतं. तिला चालतं ते. जा तू."

मार्चमधल्या एका शुक्रवारी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन मी रेल्वेने गेले. दुसऱ्या मजल्यावर त्या दारातच उभ्या होत्या. बुटक्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायला लागले होते, म्हणून इथेही तसंच लिहिते.

आत गेल्यावर लक्षात आलं की त्यांच्या घरात एकाही खोलीला दार नव्हतं. नुसत्या चौकटी. संडासाला जाड पडदा.

"दारं तळघरात ठेवलीत," आजी म्हणाल्या. "घरमालकाला आवडत नाही. पण तो काही इथे राहत नाही."

आम्ही कॉफी घेतली. त्यांनी वडी चाखली आणि डोळे मिटून घेतले. मग आजोबांबद्दल एकामागून एक प्रश्न. अजून नखं खातो का? भांडताना अडखळतो का? मला शब्द सापडत नसले की त्या न बोलता थांबून राहायच्या. किती तरी दिवसांत इतका वेळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून भोंग्यावर काही तरी सूचना ऐकू आली. पोलिसांची गाडी हळूहळू जात होती. मला अर्धंमुर्धं समजलं. आजींनी खिडकीतून ऐकून सगळं सांगितलं. पलीकडच्या गल्लीत पाया खणताना युद्धातला बॉम्ब सापडला होता, न फुटलेला. तो निकामी करेपर्यंत आसपासच्या सगळ्यांनी घर सोडून शाळेच्या व्यायामशाळेत जायचं होतं. रेल्वे आणि ट्रॅमही तोवर बंद.

"असं होतं इथे अधूनमधून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसल्या. "अजून कॉफी?"

जिन्यावर पावलं वाजायला लागली. शेजारपाजारचे लोक पिशव्या, मांजरांच्या पेट्या घेऊन उतरत होते. मी कोट घातला. आजी उठल्या नाहीत.

दार वाजलं. एक पोलीस बाई आणि अग्निशमन दलाचा एक माणूस.

"आम्ही ऐकलं," आजी म्हणाल्या. "मी येत नाही."

"तुम्हाला यावं लागेल. धोका आहे."

"बॉम्बचा धोका मला माहीत आहे."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वरचे मजले रिकामे करून येतो, तोवर तयार राहा, नाहीतर उचलून न्यावं लागेल, असं बजावून ते गेले. उचलून न्यायचं म्हटल्यावर आजींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तू जा," त्या मला म्हणाल्या. "तू का थांबतेस?"

जावंसं वाटत होतं. पण त्यांना सोडून गेले तर आजोबांना काय सांगणार होते? थांबले तर वेडेपणा. मी कोट घालून मधल्या चौकटीत उभी राहिले, ना आत ना बाहेर. रस्त्यावरचे आवाज कमी होत होत थांबले.

मग आजी आपणहून बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, अगदी सोपे शब्द वापरून, मला समजावं म्हणून.

मावशी नव्हतीच. खेडंही नव्हतं. वडिलांना आधीच नेलं होतं. पकडायला येणार हे कळल्यावर आई आणि त्या पळाल्या, आणि पूर्वी त्यांच्याकडे कपडे धुणाऱ्या बाईंनी दोघींना गावाबाहेरच्या आपल्या बागेतल्या लाकडी खोपटात लपवलं. फावडी-कुदळी ठेवायची जागा. दिवसा बोलायचं नाही, खोकायचं नाही, उभं राहायचं नाही, कारण खिडकीतून डोकं दिसलं असतं. धूर दिसेल म्हणून थंडीत शेगडी नाही. एक दिवस आई काही तरी खायला आणते म्हणून गेली आणि परत आली नाही. त्यानंतर त्या एकट्या होत्या. पंधराव्या वर्षी आत गेल्या, अठराव्या वर्षी बाहेर आल्या.

"आणि विमानं यायची तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा सगळे बंकरमध्ये पळायचे. शेजारचे माळी, पहारेकरी, सगळे. आम्हा ज्यूंना बंकरमध्ये मज्जाव होता. मग मी दार उघडून बाहेर यायचे." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "भर दुपारी. सगळी बाग माझी. ताठ उभी राहायचे. लोकांच्या झुडपांवरची फळं खायचे. आवाज जितका मोठा, तितकं मी मोठ्याने गायचे. गावात माणसं मरत होती आणि मी मनात म्हणायचे, अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ. धोका टळल्याचा भोंगा वाजून सगळे बाहेर आले की मी पुन्हा आत."



"आता तेच लोक मला म्हणतात, चला बंकरमध्ये." त्या थांबल्या. "हे त्याला सांगू नकोस. तो मला गोट्या खेळणारी मुलगी समजतो. जगात तसं समजणारा तो एकटाच उरलाय."

वरून पावलं खाली यायला लागली. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांच्या फोनवरून मी पुण्याला आजोबांना फोन लावला आणि घाईघाईत मराठीत सांगितलं की बॉम्ब सापडलाय, सगळे गेलेत, या उठत नाहीत, पोलीस उचलून नेतील. आजोबांनी कारण विचारलं नाही. "तिच्याकडे दे," म्हणाले.

रिसीव्हरमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस जर्मनमध्ये, पोरासारखं ओरडत होता, "खाली ये! मी जिन्यात उभा आहे! लवकर ये ना!"

आजी आधी दचकल्या. मग हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले. "गप्प बस, येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. अग्निशमनवाला दारात आला तेव्हा त्या बूट घालत होत्या. त्याने हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही.

व्यायामशाळेत शंभरेक माणसं असतील. आजींनी मला खुर्ची उचलायला लावली आणि ती दाराच्या चौकटीतच मांडली. थंड वारा आत येत होता. कोणी तरी तक्रार केली, मी "माफ करा, माफ करा" म्हणत राहिले. चहाचे कप फिरले. लहान मुलं दोरीवर लोंबकळत होती. संध्याकाळ झाली तरी बॉम्बची काही बातमी नव्हती, आणि दारात उभा असलेला पोलीस कोणालाही बाहेर सोडत नव्हता. आजी त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत बसल्या होत्या.

शेजारी काठी घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. स्वभावाने चांगले वाटले. माझ्या हातात त्यांनी बिस्किटं ठेवली, मग आजींकडे झुकून म्हणाले, "अगदी तेव्हासारखं, नाही का? आपण सगळे असेच बसायचो बंकरमध्ये. भीती होती, पण माणसं एकमेकांना धरून होती."

आजी म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला आत घेत नव्हते."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. शेवटी काठी दोन्ही हातांत धरून ते जमिनीकडे बघत बसले. उठून दुसरीकडे गेले मात्र नाहीत. आजीही हलल्या नाहीत. मी मधे, बिस्किटं हातात धरून. आम्ही तिघं तसेच बसून होतो.

अंधार पडल्यावर बॉम्ब निकामी झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजी सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या मधोमध, ट्रॅमच्या रिकाम्या रुळांवरून चालायला लागल्या. मी मागे धावले. घराच्या कोपऱ्यावर त्यांनी माझा गाल थोपटला. "पुढच्या महिन्यात ये. वड्या आण."

रविवारी आजोबांचा फोन आला. "का उठत नव्हती गं ती?"

"गुडघे दुखतात म्हणाल्या."

मग ते म्हणाले, "मावशीच्या गावाबद्दल काही बोलली?"

"नाही, आजोबा."

मी दोन वर्षं दर महिन्याला आजींकडे जात राहिले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दोघंही एकाच वर्षी गेले, आधी आजोबा. पुण्यात त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. ते जागे होते, माझ्याकडे बघत होते. जिभेवर आलेली खोपटाची गोष्ट मी तेव्हाही गिळली, आणि त्यांनीही विचारलं नाही.