भुलाबाईचा खाऊ आणि माझं बरोबर उत्तर

भोंडल्यात खिरापत ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. म्हणून चित्रा म्हणाली, "आमच्याकडची भुलाबाई बघायला ये," तेव्हा मी लगेच तिकीट काढलं. चित्रा माझी कॉलेजातली मैत्रीण. राहते अमरावतीला, पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या पोरींना दर शनिवारी भुलाबाईची गाणी शिकवायला जाते.

पुण्याहून रेल्वेनं अमरावती. सकाळी गिलावडा खाल्ला. दह्यात बुडालेला वडा, वर तिखट चटणी. मग एसटी. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता चांगला, दुपारपर्यंत अकोला. ऊन मात्र असं, की बोलायची सोय नाही! स्टँडवरून रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच जाते, पुढे पायी.

रिक्षात चित्रा म्हणाली, "आज खाऊ मीनलचा. मागच्या वर्षी तिचा खाऊ पोरींनी पहिल्या फटक्यात ओळखला. रडत गेली ती आलीच नाही. मोठ्या मिनतवारीनं आणलीय. आज पुन्हा तसंच झालं तर संपलं."

खोलीत शिरल्यावर मी मधोमध भोंडल्याचा हत्ती शोधत होते, तर पाटावर मातीची भुलाबाई आणि तिचे भुलोजी. पोरींच्या हातात टिपऱ्या. इथेच माझा पहिला गोंधळ उडाला.

गाणी संपली. मीनलनं झाकण दाबून डबा हलवला. उकडलेल्या शेंगांचा वास खोलीभर!

"लाडू?"

"नाई."

"जिलबी?"

"नाई."

"श्रीखंड?"

अगं, नाकं आहेत की नाहीत यांना? श्रीखंड वाजतं का कधी? मला राहवेना. "उकडलेल्या शेंगा!" मी ओरडले.

मीनलचा चेहरा पडला. चित्रानं कपाळावर हात मारला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पोरी मुद्दाम चुकत होत्या, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक फटाकडी उठली. "चुकलं मावशीचं! मीनल, सांग न वं त्याईले."

मीनलनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाई," ती म्हणाली. "चूक."

"हारलो वं बाई आमी! कोणालेच नाई ओळखता आला!" पोरींनी एकच कल्ला केला.

झाकण उघडलं. शेंगाच होत्या! दारातल्या आया गालात हसत होत्या. मीनलनं पहिली मूठ माझ्या हातात ठेवली. "काहून नाई ओळखता आलं तुमाले? सोप्पं तं होतं."

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. "म्हणजे तुझं उत्तर बरोबर होतं ना?"

"हो."

"मग हरलीस कशी?"



काल चित्राचा फोन आला. मागे टिपऱ्यांचा आवाज, आणि त्यात मीनल ओरडत होती, "त्या मावशीले इचारा न, आता तरी ओळखलं का?"

"नाही गं बाई," मी म्हटलं, "अजून नाही."