न आलेला खोकला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला बरी बाई समजत असाल तर — समजू नका.

हातकणंगल्याजवळच्या एका खासगी डेअरीत मी कामाला आहे. गावोगावचे दुधाचे कॅन उतरले की झाकण उघडायचं, वास घ्यायचा, आंबलेला कॅन बाजूला काढायचा. यंत्रावरची तपासणी नंतर, आधी नाक. हे मला शोभाआक्कानं शिकवलं. पुढं तिची सासू अंथरुणाला खिळली म्हणून तिनं नोकरी सोडली. नऊ वर्षं तिच्या जागेवर मी उभी होते, आणि ऐकत काय होते? "शोभाचं नाक ते शोभाचं नाक!" राग येणार नाही?

सासू गेली, पाठोपाठ नवराही, आणि आक्का परत आली. साहेब म्हणाले, महिनाभर बघू, मग कायम करू. पहिल्याच दिवशी तिनं मला कोपऱ्यात ओढलं. "मंगे, कोरोनापास्नं मला वासच येत न्हाय गं. कुणाला सांगू नगंस. घर माझ्यावरच हाय की आता."

मग आमचं ठरलं — झाकण मी उघडायचं, आणि दूध आंबलेलं असलं की खोकायचं. मी इमानानं खोकत राहिले. माझा घसा दुखेल म्हणून ती रोज खडीसाखर आणायची. आणि लोक? "आक्का आली, आता काळजी न्हाय!" खोकत मी होते — कौतुक तिचं.

महिना भरत आला तेव्हा एका सकाळी साहेब स्वतः येऊन उभे राहिले. कोडोलीच्या कॅनचं झाकण काढलं आणि आंबलेला भपका थेट नाकात शिरला. आक्का वाकली. तिचा कान माझ्याकडे होता. मी — मी खोकले नाही.

"चांगलं हाय," ती ठणकावून म्हणाली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. टेम्पोवाले खो खो हसले. खरं सांगू? मला मजा वाटली. तिचा चेहरा उतरला तो मी नीट बघून घेतला.

दुपारी तिला घरी पाठवलं. माझं नाव तिनं कुणापुढं काढलं नाही. जाताना माझ्यापाशी आली. "मंगे, घसा बसला व्हता व्हय गं तुझा?"

मी म्हणाले, "व्हय, आक्का."

तिनं पिशवीतनं खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडलं.